उपकरण नेमके कोणाच्या हाती?

आमच्या प्रयोगशाळेत एक जुना वर्णपटमापक आहे. आत प्रकाशाचा झोत सोडला की त्याचा वर्णपट संगणकाच्या पडद्यावर उमटतो. यंत्राचे आरसे, विवर्तन जाळी, संवेदक, सारे ठणठणीत आहे. अडचण एवढीच, की त्याच्याबरोबर आलेले सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीच्या पुढे कधी गेलेच नाही. एक्सपीला दुरुस्त्या पुरवणे मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या एप्रिलमध्ये थांबवले. आमचा जुना संगणक त्यानंतरही काही वर्षे तग धरून होता. मग एका सकाळी तोही उठला नाही. नव्या संगणकावर आम्ही लिनक्स घातले, त्यात एक आभासी संगणक उभा केला, त्या आभासी संगणकात एक्सपी बसवले आणि पर्यायांच्या यादीतून वर्णपटमापक निवडून त्याच्या हवाली केला. एक्सपीने यंत्र ओळखले, दोनएक सेकंद गेले, आणि यंत्र यादीतून नाहीसे झाले. पुन्हा जोडले, पुन्हा तेच.

पुढचे दोन दिवस आम्ही काय केले? केबल बदलली. खाच बदलली. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले. एका सहकाऱ्याने तर संगणक दहा मिनिटे बंद ठेवून पाहण्याचा उतारा सुचवला आणि आम्ही तोही केला. विद्यार्थ्यांना एका वेळी एकच घटक बदला असे सांगणारी मंडळी आम्ही, पण त्या दोन दिवसांत एका वेळी चार-चार गोष्टी बदलत होतो. हा लेख त्या दोन दिवसांच्या चिडीतून लिहिला आहे असे कुणी म्हटले तर आम्ही नाकारणार नाही. मात्र चीड ओसरल्यावर आम्ही या पर्यायांकडे पुस्तकाचा परीक्षक पाहतो तसे पाहिले. ते कसे मांडले आहेत, कोणते शब्द वापरतात आणि बिघाड झाला असता खरे बोलतात की नाही, हे तपासले. जुन्या पण धडधाकट उपकरणांचा प्रश्न केवळ संशोधन संस्थांचा नाही. ज्या शाळेला नवे उपकरण परवडत नाही, तिथे हे पर्याय नीट चालले तर जुने उपकरण टेबलावर राहते. नाही चालले तर ते भंगारात जाते.

आभासी संगणक म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात केवळ सॉफ्टवेअरच्या बळावर चालणारा दुसरा संगणक. खऱ्याला यजमान म्हणतात आणि आतल्याला पाहुणा. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली तेव्हा एका महासंगणकावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक असल्याचा भास होई. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी अशा व्यवस्थेच्या अटी एका शोधनिबंधात काटेकोरपणे मांडल्या. पाहुण्यातला कार्यक्रम खऱ्या यंत्रावर चालावा तसाच चालला पाहिजे. त्याच्या बहुतेक आज्ञा प्रोसेसरने थेट पार पाडल्या पाहिजेत. आणि सर्व साधनांवर अखेरचा ताबा यजमानाच्या बाजूच्या नियंत्रकाचाच राहिला पाहिजे. यातली तिसरी अट वाचकांनी लक्षात ठेवावी. ‘पासथ्रू’ म्हणजे याच अटीला दिलेली सूट होय. नेहमी पाहुण्याला दिसणारी तबकडी, नेटवर्क कार्ड, पडदा ही सारी सोंगे असतात. पासथ्रूमध्ये खरे उपकरण त्याच्या हाती द्यायचे असते.

आमची पहिली तक्रार याच शब्दाविषयी आहे. व्हर्च्युअलबॉक्स हे अनेक शाळा-महाविद्यालयांत वापरले जाणारे सॉफ्टवेअर घ्या. त्यात यूएसबी उपकरण पाहुण्याला देता येते आणि त्याला लोक पासथ्रू म्हणतात. सीडी-डीव्हीडीच्या ड्राइव्हपुढे ‘पासथ्रू’ नावाचीच एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली तर पाहुण्याला चकती केवळ वाचण्यापलीकडचे, म्हणजे लिहिण्याचेही आदेश ड्राइव्हला देता येतात. तिसरा ‘वेबकॅम पासथ्रू’. त्यात कॅमेरा पाहुण्याला मुळी दिलेलाच नसतो; यजमान चित्रे घेतो आणि पाहुण्यातल्या एका सोंगाच्या कॅमेऱ्याला पुरवतो. शेवटी पीसीआय पासथ्रू, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर बसवलेले कार्डच देऊन टाकणे. हे व्हर्च्युअलबॉक्सने २०११ मध्ये लिनक्स यजमानांसाठी ‘प्रायोगिक’ म्हणून आणले आणि २०१९ च्या अखेरीस ६.१ या आवृत्तीत काढून टाकले. काढताना कारणही सांगितले, की काम फारच अपुरे होते आणि पीसीआय-एक्स्प्रेस उपकरणांबरोबर ते चालू शकत नव्हते. हा प्रांजळपणा आम्हांला आवडला. आठ वर्षे उशीर झाला, पण आवडला.

एका शब्दाखाली चार निरनिराळ्या व्यवहारांची मोट बांधली की निदान कठीण होते. यूएसबीच्या बाबतीत यजमान टपालवाल्यासारखा मध्ये उभा असतो. पाहुण्याचे प्रत्येक पाकीट त्याच्या हातून जाते, म्हणून बिघाडाची नोंद यजमानाकडे सापडण्याची आशा असते. पीसीआयमध्ये खोलीची किल्लीच पाहुण्याला दिलेली असते. आत काय चालले आहे ते यजमानाला दिसत नाही. पहिल्या प्रकारातला उपाय दुसऱ्याला लावणे म्हणजे दातदुखीवर डोळ्यांचे थेंब घालणे.

आता यूएसबीकडे येऊ, कारण शाळेत गाठ पडेल ती याच्याशीच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्याला उपकरण आपोआप मिळावे म्हणून ‘फिल्टर’ लिहितात. त्यात उत्पादकाचा क्रमांक, उत्पादनाचा क्रमांक, अनुक्रमांक, खाच असे रकाने असतात. रिकामा रकाना म्हणजे ‘काहीही चालेल’. सगळेच रकाने रिकामे ठेवले तर जे उपकरण जोडाल ते पाहुण्याकडे जाते. तर्काच्या दृष्टीने हे बरोबर आहे आणि माहितीपुस्तकात लिहिलेलेही आहे. पण नवख्या माणसाला कोरा अर्ज म्हणजे ‘अजून काही मागितले नाही’ असे वाटते. इथे त्याचा अर्थ ‘सर्व काही हवे’ असा होतो. मग यजमानासाठी घातलेला पेनड्राइव्ह पाहुण्याच्या पोटात जातो आणि शिक्षक पेनड्राइव्ह खराब झाला म्हणून हळहळत बसतात.

याच कामासाठी क्यूईएमयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तकात जे तीन मार्ग सांगितले आहेत, ते आमच्या मते या साऱ्या साहित्यातले सर्वांत नेमके लेखन आहे. उत्पादक आणि उत्पादन यांच्या क्रमांकांवरून उपकरण ओळखा, म्हणजे ते कुठेही जोडले तरी पाहुण्याला मिळेल. किंवा खाच नेमून द्या, म्हणजे त्या खाचेत जे जोडाल ते मिळेल. किंवा बसवरचा पत्ता द्या. पण हा पत्ता टिकाऊ नाही, उपकरण पुन्हा जोडले की बदलतो, म्हणून तेवढ्यापुरताच वापरा. प्रत्येक मार्गाचा उपयोग आणि त्याची मर्यादा एकाच वाक्यात आली आहे. पत्ता बदलतो हे विद्यार्थ्यांना सहज दाखवता येते. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी’ हा आदेश द्या, पेनड्राइव्ह काढून पुन्हा घाला, पुन्हा आदेश द्या. उत्पादकाचा क्रमांक तोच राहील आणि ‘डिव्हाइस’ या शब्दापुढचा आकडा वाढलेला असेल. यूएसबीचा पत्ता सात बिटांचा असतो, म्हणून एका बसवर १२७ पेक्षा जास्त पत्ते का नसतात, हेही त्याच तासाला सांगून होते.

परंतु उत्पादनाचा क्रमांक तरी कायमचा असतो का? आमचे दोन दिवस गेले ते इथेच. आर्डुइनो लिओनार्दो हा सर्किटबोर्ड पुष्कळ शिक्षकांच्या हाताखालून गेला असेल. नेहमीच्या स्थितीत तो स्वतःची ओळख २३४१:८०३६ अशी सांगतो. त्याच्यात नवा कार्यक्रम भरायचा झाला की तो स्वतःला नव्याने सुरू करतो, आणि त्या सुमारे आठ सेकंदांत त्याची ओळख २३४१:००३६ असते. कार्यक्रम भरून झाला की पुन्हा पहिली ओळख. यात दोष काही नाही. रचनाच तशी आहे. पण तुम्ही फिल्टरमध्ये ८०३६ लिहिले असेल तर ऐन कामाच्या आठ सेकंदांत ते उपकरण पाहुण्याच्या दृष्टीने गायब होते, कारण नव्या नावाने आलेला माणूस यजमानाच्या दारात उभा राहतो. पाहुण्यातले सॉफ्टवेअर ‘बोर्ड सापडत नाही’ म्हणते. ते खोटे बोलत नाही. त्याला तेवढेच दिसते.

आमच्या वर्णपटमापकाचे तेच होते. त्याच्यातल्या चिपला कायमस्वरूपी स्मरणशक्ती नाही. जोडल्यावर ती एक तात्पुरती ओळख सांगते, ड्रायव्हर तिच्यात फर्मवेअर भरतो, मग ती यूएसबीवरून स्वतःला तोडून नव्या क्रमांकाने पुन्हा जोडून घेते. ईझेड-यूएसबी कुळातील चिपांत ही रीतसर दिलेली सोयच आहे. पाहुण्याने फर्मवेअर भरले, चिपने नाव बदलले, आणि नव्या नावाचे आमंत्रण आमच्या फिल्टरमध्ये नव्हते. तिसऱ्या दिवशी आम्ही यजमानाची नोंदवही, म्हणजे कर्नलचे संदेश, डोळ्यांसमोर चालू ठेवून केबल जोडली. तिथे सारे वेळेसह लिहिलेले होते. उपकरण आले, दोन सेकंदांनी गेले, लगेच वेगळ्या क्रमांकाचे उपकरण त्याच खाचेत आले. दुसऱ्या क्रमांकाचा एक फिल्टर वाढवला आणि काम झाले. दोन दिवस चार फूट अंतरावर पडलेली नोंदवही आम्ही उघडली नव्हती. ही चूक आमची. पण आभासी संगणकाच्या सॉफ्टवेअरला हे दिसत होते की नाही? त्याच्याच हातून उपकरण सुटले होते. ‘त्याच खाचेत आता अमुक क्रमांकाचे उपकरण आले आहे, तेही द्यायचे का?’ एवढे त्याने विचारले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

ताब्याची माहिती असते, पण ती झाकलेली असते. व्हर्च्युअलबॉक्सला आदेश देऊन यजमानाच्या यूएसबी उपकरणांची यादी मागवली तर प्रत्येकापुढे ‘सद्यःस्थिती’ छापून येते. ‘बिझी’ म्हणजे यजमान वापरतो आहे, पण मागितले तर मिळू शकेल. ‘हेल्ड’ म्हणजे यजमानाकडून सोडवून घेतले आहे, पण पाहुण्याला दिलेले नाही. ‘कॅप्चर्ड’ म्हणजे पाहुण्याच्या हाती आहे. निदानासाठी याहून मोलाची माहिती नाही. हीच माहिती मुख्य खिडकीत पहिल्या ओळीला, ठळक अक्षरांत असायला हवी.

परवानगीचे प्रकरण थोडक्यात उरकतो. लिनक्सवर वापरकर्ता ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात नसेल तर यूएसबीची यादी रिकामी दिसते. सॉफ्टवेअर याविषयी स्पष्ट सूचना देते, ही चांगली गोष्ट. पण गटात नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगइन केल्याशिवाय ते लागू होत नाही. हे ठाऊक नसलेला माणूस योग्य उपाय करतो, तो फसला असे समजतो आणि मग अयोग्य उपायांकडे वळतो. यूएसबीच्या पिढीचेही तसेच. पाहुण्याला यूएसबी ३.० चा नियंत्रक देणे म्हणजे अधिक चांगले, असे कुणालाही वाटेल. पण एक्सपी किंवा विंडोज ७ यांच्यापाशी त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर मुळात नसतोच. तिथे २.० निवडणे हेच शहाणपणाचे. यादीत नव्या पिढीपुढे ‘या पाहुण्याला हे चालणार नाही’ असे छापता आले असते. पाहुणा कोणता आहे हे आपण आभासी संगणक तयार करताना सांगितलेलेच असते.

पीसीआयच्या वाटेला शाळा सहसा जाणार नाही. पण वरच्या वर्गातली मुले जातात, चित्रपटल कार्ड पाहुण्याला देऊन खेळ खेळण्यासाठी जातात, आणि प्रश्न घेऊन शिक्षकांकडे येतात. इथली मुख्य अडचण पत्त्यांची आहे. कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट मेमरीत लिहिते. पाहुणा त्याला सांगतो, ‘चौथ्या खोलीत ठेव.’ पण पाहुण्याची चौथी खोली म्हणजे यजमानाच्या वाड्यातले भलत्याच कुणाचे कोठीघर असू शकते. म्हणून कार्ड आणि मेमरी यांच्यामध्ये पत्ते बदलून देणारा एक द्वारपाल लागतो. त्याला आयओएमएमयू म्हणतात; इंटेलच्या यंत्रांत त्याचे नाव व्हीटी-डी, एएमडीच्या यंत्रांत एएमडी-व्हीआय. जी कार्डे द्वारपालाला चुकवून आपसांत बोलू शकतात त्यांचा एक गट धरतात, आणि गट फोडून एकच कार्ड पाहुण्याला देता येत नाही. लिनक्सची व्हीएफआयओ ही यंत्रणा २०१२ मध्ये आली. गटातले एखादे कार्ड यजमानाकडेच राहिले असेल तर गट व्यवहार्य नाही आणि गटातली सर्व उपकरणे त्यांच्या व्हीएफआयओ ड्रायव्हरला जोडली आहेत याची खात्री करा, असा संदेश मिळतो. काय चुकले आणि काय करायचे, दोन्ही एका दमात. असे संदेश लिहिणाऱ्यांचे आम्ही मनापासून कौतुक करतो. तिथलाच एक पर्याय आहे ‘अलाउ अनसेफ इंटरप्ट्स’. नावातच ‘असुरक्षित’ म्हणून सांगितले आहे. तो चालू करणारा माणूस पुढे ‘मला कळले नाही’ म्हणू शकत नाही.

याउलट ‘आयओएमएमयू=पीटी’ पाहा. पीटी म्हणजे पासथ्रू. पुष्कळ लोक हा शब्द लिनक्सच्या सुरुवातीच्या आज्ञेत घालतात, कारण त्यांना वाटते की याने उपकरण पाहुण्याला देण्याची सोय सुरू होते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा, की जी उपकरणे यजमानाकडेच राहणार आहेत त्यांच्या पत्त्यांचे भाषांतर करत बसू नका, वेग वाचवा. म्हणजे पासथ्रू हा शब्द इथे पाहुण्याविषयी नाहीच, तो यजमानाच्या उपकरणांविषयी आहे. हा पाचवा अर्थ. याचे भावंड ‘एएमडी_आयओएमएमयू=ऑन’. कर्नल ‘ऑन’ ही किंमत ओळखतच नाही. एएमडीच्या यंत्रात फर्मवेअरने द्वारपालाला मनाई केली नसेल तर तो मुळात जागाच असतो. तरी हा मंत्र एकाच्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत उतरत राहतो, आणि ज्याचे काम झाले त्याला ते मंत्रानेच झाले असे वाटते. ताईत बांधला आणि ताप उतरला, यात आणि यात फरक कोणता?

सर्वांत कडक शेरा मात्र आम्ही एका आकड्यावर मारू, तो म्हणजे ‘कोड ४३’. चित्रपटल कार्ड पाहुण्याला मिळते, विंडोज ते ओळखते, आणि मग सांगते की या उपकरणाने अडचणी कळवल्यामुळे ते थांबवले आहे. वाचणारा समजतो, कार्ड बिघडले. एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स कार्डांच्या बाबतीत अनेक वर्षे यामागचे एक कारण निराळेच होते. आपण आभासी संगणकात आहोत असे ड्रायव्हरला आढळले की तो काम नाकारी. लोकांनी विजेचा पुरवठा तपासला, कार्डे बदलली, खाचा साफ केल्या. ज्यांना मर्म कळले त्यांनी पाहुण्याची ओळख लपवण्याचे पर्याय वापरले, म्हणजे खोट्याला खोट्याने उत्तर दिले. २०२१ च्या मार्चमध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून कंपनीने विंडोज पाहुण्यांत जीफोर्स पासथ्रूला, प्रारंभी चाचणी स्वरूपात, मान्यता दिली. कंपनीने स्वस्त कार्डांवर काय चालू द्यायचे हा तिच्या धंद्याचा प्रश्न आहे. त्यावर आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप संदेशाला आहे. ‘आम्ही आभासी संगणकात चालत नाही’ असे लिहिले असते तर माणूस रागावला असता, पण त्याने धडधाकट कार्ड दुरुस्तीला नेले नसते. थर्मामीटर चुकीचे असेल तर चूक शोधून दुरुस्ती लावता येते. जाणूनबुजून वेगळा आकडा दाखवणाऱ्या थर्मामीटरने तुम्ही कोणता प्रयोग करणार?

पर्यायांची क्रमवारी हाही एक प्रश्न आहे. माहितीपुस्तकांत पर्याय खिडक्यांच्या क्रमाने येतात, तर बिघाड साखळीच्या क्रमाने घडतो. उपकरण यजमानाला दिसते का? ते कोणाच्या ताब्यात आहे? नियंत्रकाला ते घेण्याची परवानगी आहे का? पाहुण्याला नियंत्रक दिसतो का? त्याच्यापाशी ड्रायव्हर आहे का? ही साखळी मधोमध तोडून पाहिली की अर्धे काम होते. आम्ही आता पहिल्यांदा पाहुण्यातली उपकरणांची यादी उघडतो. तिथे काहीच आले नसेल तर दोष अलीकडे आहे आणि एक्सपीचे सॉफ्टवेअर पुन:पुन्हा घालण्यात अर्थ नाही. अनोळखी म्हणून का होईना आले असेल, तर केबलला हात लावायचा नाही.

वर्णपटमापक सध्या चालू आहे. सोडियमच्या दिव्याची ५८९ नॅनोमीटरची रेघ पूर्वी होती तिथेच उमटते. पाहुण्या एक्सपीचे नेटवर्क कार्ड आम्ही काढून टाकले आहे, कारण २०१४ नंतर त्याच्या भगदाडांना ठिगळे लावणारे कुणी नाही. मोजमापे एका सामायिक फोल्डरमधून बाहेर येतात. फिल्टर दोन आहेत आणि दोन्ही कशासाठी आहेत ते एका चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या बाजूला चिकटवले आहे. पहिल्या चिठ्ठीवर उत्पादनाचा क्रमांक चुकला होता, तो विद्यार्थ्यांनी दुरुस्त केला.